उंदीर पडत नाहीत तेव्हा

प्लेगच्या काळात माणसं दगावण्याआधी उंदीर पडायचे. आढ्यातून, कणगीमागून मेलेला उंदीर निघाला की जाणती माणसं बिऱ्हाड उचलायची आणि गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहायची. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला, त्यानंतर कित्येक वर्षं महाराष्ट्रातल्या गावोगाव हेच चाललं. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगची शंका आली, तीही उंदीर पडू लागल्यावरच. दोडामार्ग आणि सत्तरी या तालुक्यांत माकडतापाच्या बाबतीत लोक असंच वागायला शिकले आहेत. काजूच्या बागेत मेलेलं माकड दिसलं की आरोग्य खात्याला कळवायचं. या दोन्ही रोगांत प्राणी माणसाच्या आधी मरतो आणि त्याच्या मरणातून माणसाला वर्दी मिळते.

हंताविषाणूच्या बाबतीत अशी वर्दी मिळत नाही. ज्या उंदराच्या अंगात हा विषाणू असतो तो खातो, पितो, पिलं घालतो, भांडतो. लागण झाल्यावर विषाणू त्याच्या अंगात ठाण मांडून बसतो, पण त्याला आजारी पाडत नाही. त्याच्या मुतातून, लेंड्यांतून, लाळेतून विषाणू बाहेर पडत राहतो. ही घाण सुकते, झाडू मारताना तिची धूळ उडते आणि माणसाच्या श्वासातून आत जाते. माणूस तापाने फणफणून दवाखान्यात पोचतो तोवर मधे काही आठवडे गेलेले असतात आणि उंदीर जिथे होता तिथेच धडधाकट असतो. साथ ओसरल्यावर काय करायचं हा प्रश्न म्हणूनच इथे वेगळ्या तऱ्हेने पडतो. माणसांतली साथ संपते, उंदरांतली संपत नाही. पाळत ठेवायची ती उंदरावर, आणि तीही कोणी आजारी नसताना. हे किती अवघड आहे आणि ते केल्याने काय हाती लागतं, हे अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या एका साथीने फार स्पष्ट दाखवून दिलं.

१९९३ च्या मे महिन्यात न्यू मेक्सिको राज्यातल्या गॅलप या गावी नवाहो या मूळ अमेरिकी जमातीतल्या एका तरुण धावपटूला दम लागलेल्या अवस्थेत रुग्णालयात आणलं. तो आपल्या वाग्दत्त वधूच्या अंत्यविधीला निघाला होता. तिचा मृत्यू काही दिवसांपूर्वीच, असाच दम लागून झाला होता. धावपटूची फुप्फुसं पाण्याने भरली आणि तोही गेला. तरुण, निरोगी, खेळाडू माणूस काही तासांत असा जातो म्हटल्यावर तिथल्या डॉक्टरांना चैन पडेना. न्यू मेक्सिकोत कारण न कळलेला मृत्यू राज्याच्या वैद्यकीय अन्वेषण कार्यालयाला कळवावा लागतो. त्या कार्यालयाच्या माणसाने दोन मृत्यूंची सांगड घातली. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसाठीच्या ‘इंडियन हेल्थ सर्व्हिस’चे डॉक्टर ब्रूस टेम्पेस्ट यांनी आसपासच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं, तेव्हा असेच आणखी मृत्यू निघाले. मृत्यू कळवण्याचा नियम आणि काही फोन यांतूनच ही साथ उघडकीला आली. असा नियम नसता तर हे सगळे मृत्यू ‘तीव्र न्यूमोनिया’ या शिक्क्याखाली वेगवेगळ्या फायलींत राहिले असते.

पुढची पावलं भराभर पडली. प्लेग नाही, इन्फ्लुएंझा नाही, विषबाधाही नाही हे तपासून झालं. नमुने अटलांटाला रोगनियंत्रण केंद्रात, म्हणजे सीडीसीत गेले. जूनच्या सुरुवातीला तिथे उत्तर मिळालं ते चक्रावून टाकणारं होतं. रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं हंताविषाणूंशी जुळत होती. माणसाला आजारी पाडणारे या जातीचे विषाणू तोवर आशिया आणि युरोपात माहीत होते. कोरियन युद्धात संयुक्त राष्ट्रांच्या तीन हजारांहून अधिक सैनिकांना त्यांनी गाठलं होतं. मात्र तिथे ते मूत्रपिंडावर घाला घालत, फुप्फुसावर नाही. अमेरिकेतला विषाणू त्याच घराण्यातला असून नवा होता. सुरुवातीच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक दगावले. आज इतक्या वर्षांच्या नोंदी पाहिल्या तरी दर शंभर रुग्णांत ३५ ते ४० जणांचा मृत्यू होतो. त्यावर नेमकं औषध नाही, लसही नाही.

हंताविषाणू म्हटल्यावर उंदीर शोधणं ओघानेच आलं. जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत रुग्णांच्या घरांत आणि आसपास सापळे लावून सुमारे १,७०० उंदीर-घुशींच्या जातीचे प्राणी पकडले. त्यांत सर्वांत जास्त भरला तो डिअर माऊस. पाठ तपकिरी, पोट पांढरं शुभ्र, डोळे मोठे आणि काळेभोर, शेपूट दोन रंगांची. दिसायला असा गोजिरा की मुलांनी हातात घ्यावा. पकडलेल्या डिअर माऊसपैकी सुमारे ३० टक्क्यांमध्ये लागणीच्या खुणा मिळाल्या.

आता प्रश्न उरला की त्याच वर्षी का? उंदीर तर पूर्वापार तिथेच होता.

याचं उत्तर ज्या लोकांकडे मिळालं त्यांचा रोगाशी काही संबंध नव्हता. गॅलपपासून दूर, अल्बुकर्कीच्या दक्षिणेला सेव्हिएटा नावाचा एक संरक्षित प्रदेश आहे. न्यू मेक्सिको विद्यापीठाचे परिस्थितीशास्त्रज्ञ तिथे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पाऊस, गवत आणि उंदीर यांची नियमित मोजदाद करत होते. वाळवंटातलं जीवन पावसाच्या चढउतारावर कसं चालतं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. रॉबर्ट पारमेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या वह्या उघडल्या. मे १९९२ ते मे १९९३ या एका वर्षात उंदीर जवळपास दसपट झाले होते. कित्येक वर्षांच्या अवर्षणानंतर एल निन्योमुळे हिमवर्षाव आणि पाऊस भरपूर झाला होता. गवत माजलं, पिन्यॉन पाइनच्या बिया खच्चून लागल्या, किडे वाढले आणि खाणं मुबलक झाल्यावर उंदीर वाढले. वाढलेले उंदीर शेतातून, रानातून घराकडे वळले.

त्याच विद्यापीठाच्या जीवशास्त्र संग्रहालयात टेरी येट्स हे सस्तन प्राण्यांचे अभ्यासक होते. त्यांच्याकडे अनेक वर्षांपूर्वी पकडलेल्या उंदरांच्या ऊतींचे तुकडे गोठवून ठेवलेले होते. ते तपासल्यावर साथीच्या आधीच्या वर्षांतल्या उंदरांतही हाच विषाणू सापडला. विषाणू बाहेरून आला, प्रयोगशाळेतून सुटला, लष्कराने सोडला अशा ज्या अफवा उठल्या होत्या त्या या गोठलेल्या तुकड्यांनी निकालात काढल्या. जुने मानवी नमुने तपासले तेव्हा युटा राज्यातल्या एका माणसाला १९५९ मध्येच हा रोग झाल्याचं दिसलं. विषाणू जुनाच होता. त्याला ओळखणारी नजर मात्र १९९३ मध्ये आली.

ही हकिकत मला फार महत्त्वाची वाटते. ज्या वर्षांत उंदीर मोजून कोणाचाही काही फायदा नव्हता, त्या वर्षांचे आकडे नसते तर दसपट वाढ झाली हे कळलंच नसतं. साथ आल्यावर मोजायला सुरुवात करणाऱ्याला ‘आज इतके आहेत’ एवढंच सांगता येतं. ‘नेहमी किती असतात’ हे त्याला कधीच सांगता येत नाही. आणि धोका मोजण्याचा पाया तोच असतो.

नवाहो वडीलधाऱ्यांना हे आपल्या परीने ठाऊक होतं. त्यांच्या वैद्यपरंपरेत या आजाराचा संबंध उंदराशी जोडलेला आहे. उंदराचं जग बाहेरचं, माणसाचं घराच्या आतलं. दोन्ही मिसळू द्यायची नाहीत, धान्य झाकून ठेवायचं, उंदराने तोंड लावलेला कपडा जाळून टाकायचा. पिन्यॉनच्या बिया अमाप लागतात त्या वर्षी मरण येतं, हेही त्यांच्या आठवणीत होतं. १९१८ साल आणि १९३० च्या दशकातलं एक वर्ष त्यांनी त्या संदर्भात सांगितलं. शास्त्रज्ञ आकडेमोड करून जिथे पोचले, तिथे ही मंडळी आजोबांच्या सांगण्यावरून आधीच उभी होती.

त्याच लोकांना बाकीच्या देशाने काय दिलं? वर्तमानपत्रांनी रोगाला ‘नवाहो फ्लू’ म्हटलं. पत्रकार अंत्यविधीत घुसले. नवाहो समाजात मृत व्यक्तीचं नाव त्या दिवसांत उच्चारत नाहीत, आणि इथे नावं मथळ्यांत छापली जात होती. लॉस एंजेलिसच्या एका शाळेने पत्रमैत्रीतून ठरलेली नवाहो मुलांची भेट रद्द केली. हा विषाणू माणसाकडून माणसाला लागत नव्हता, तरी हॉटेलांत त्यांना दूर ठेवलं गेलं. विषाणूला तिथल्या एका दरीचं नाव देण्याचं ठरलं तेव्हा नवाहोंनी विरोध केला आणि शेवटी ‘सिन नोम्ब्रे’, म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘बिननावाचा’, असं नाव कायम झालं. साथीनंतरच्या सर्वेक्षणाचा विचार करताना हा भाग वगळून चालत नाही. ज्या वस्तीला रोगाचं नाव चिकटवलं, ती वस्ती पुढच्या वेळी दार उघडत नाही. आणि दार उघडल्याशिवाय कोठारातला उंदीर पकडता येत नाही.

आता साथ ओसरल्यानंतरच्या कामाकडे येऊ. १९९५ पासून अमेरिकेत या रोगाचा प्रत्येक रुग्ण कळवणं राष्ट्रीय पातळीवर लागू झालं. रुग्ण कळला की राज्याचा आरोग्य विभाग मागच्या सहा-आठ आठवड्यांचा हिशोब मागतो. कुठे राहिलात, कोणती बंद खोली उघडलीत, गोठा झाडलात का, लाकडं उपसलीत का, गाडीत उंदराचं घरटं होतं का. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत एक ते आठ आठवडे जाऊ शकतात. त्यामुळे ही चौकशी चिकाटीने करावी लागते, कारण दीड महिन्यापूर्वी झाडलेली खोली कोणाला सहज आठवत नाही. १९९३ पासून २०२२ अखेरपर्यंत अशा ८६४ रुग्णांची नोंद झाली. त्यांतले बहुतेक सगळे मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडचे आहेत. तीस वर्षांत आठशे म्हणजे रोग दुर्मीळच. पण जिथे झाला तिथे तीनांत एकाहून अधिक जण जगले नाहीत.

रुग्ण मोजणं हे शेवटच्या टोकाचं मोजणं झालं. दुसरं काम त्याहून किचकट होतं. १९९४ पासून सीडीसीच्या मदतीने न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो, मोंटाना इथल्या विद्यापीठांनी रानात ठराविक जागा आखून घेतल्या आणि दर महिन्याला किंवा दीड महिन्याला तिथे सापळे लावायला सुरुवात केली. हे काम प्रत्यक्षात कसं होतं ते पाहण्यासारखं आहे. सापळा पत्र्याचा, घडी होणारा, पावाच्या लांबट पुड्याएवढा. आत थोडे ओट आणि पीनट बटर, थंडीच्या दिवसांत ऊब राहावी म्हणून कापसाचा बोळा. संध्याकाळी ओळीने मांडायचे, पहाटे गोळा करायचे. दार पडलेला सापळा हातात घेतला की वजनावरूनच आत कोणी आहे हे कळतं. श्वसनाचा मुखवटा आणि हातमोजे घातलेला माणूस वाऱ्याच्या दिशेला पाठ करून उभा राहतो, उंदीर पिशवीत उतरवतो, वजन करतो, नर की मादी पाहतो, अंगावर चावल्याचे व्रण मोजतो, रक्ताचे काही थेंब घेतो, कानाला नंबर कोरलेला पितळी बिल्ला लावतो आणि जिथे पकडला तिथेच सोडून देतो. पुढच्या महिन्यात तोच नंबर परत सापळ्यात आला तर त्याच्या रक्तात बदल झाला का ते बघतात. मारून टाकलेला उंदीर एकदाच काही सांगतो. सोडलेला उंदीर परत परत सांगत राहतो.

या वह्यांतून जे निघालं ते आधीच्या समजुतीपेक्षा बरंच गुंतागुंतीचं होतं. लागण पिलांना आईच्या पोटातून होत नाही. ती मोठेपणी, बहुतेक वेळा चावाचावीतून होते. म्हणून अंगावर व्रण असलेल्या मोठ्या नरांत ती सर्वांत जास्त आढळते. यातून एक विलक्षण गोष्ट पुढे येते. पाऊस चांगला झाला, उंदरांची वीण वाढली की सुरुवातीला लागलेल्या उंदरांचं प्रमाण उलट खाली येतं, कारण कळपात कोवळ्या, न लागलेल्या पिलांचीच गर्दी होते. हीच पिलं हिवाळा काढून मोठी होतात, जागेसाठी भांडू लागतात, तेव्हा लागण चढते. म्हणजे उंदीर भरमसाट दिसतात त्या वर्षापेक्षा त्याच्या पुढचं वर्ष जास्त धोक्याचं असू शकतं. डोळ्यांनी ‘यंदा उंदीर फार झालेत’ असं म्हणून अंदाज बांधणारा इथे फसतो.

१९९७-९८ मध्ये पुन्हा मोठा एल निन्यो आला, तेव्हा हा सगळा अभ्यास कसाला लागला. संशोधकांनी आधीच इशारा दिला होता, आणि १९९८-९९ मध्ये फोर कॉर्नर्स, म्हणजे नैर्ऋत्येकडच्या चार राज्यांच्या सीमा मिळतात त्या भागात रुग्ण खरंच वाढले. जॉन्स हॉपकिन्सचे ग्रेगरी ग्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या छायाचित्रांतून कुठली जमीन जास्त हिरवी राहिली ते पाहून धोक्याचे पट्टे काढण्याची पद्धत बसवली. तरीही हा नियम सर्वत्र लावता येत नाही. मोंटानात रिचर्ड डग्लस यांच्या चमूने दीड दशक दर महिन्याला उंदीर मोजले. तिथली थंडी, तिथलं गवत यांचं गणित न्यू मेक्सिकोपेक्षा निराळं निघालं. एका खोऱ्यातला निष्कर्ष दुसऱ्या खोऱ्यावर चिकटवता येत नाही. हे समजायला पंधरा वर्षं लागली, आणि ती वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही.

दुःखाची बाब ही की अशा मोजणीला पैसा साथीच्या वर्षी मिळतो. पुढे चार-पाच वर्षं शांततेत गेली की अंदाजपत्रकात पहिली कात्री तिच्यावरच चालते. आकड्यांच्या ओळीत पडलेली फट नंतर कितीही पैसा ओतला तरी भरून निघत नाही, कारण गेलेल्या वर्षाचा उंदीर आता पकडता येत नाही.

रानातल्या उंदरांची गणती कितीही चांगली असली तरी माणूस आजारी पडतो तो घरात, तंबूत, गोदामात. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात जे घडलं त्याची मुळं एका कोसळलेल्या कड्यात आहेत. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये करी व्हिलेज या प्रवासी वस्तीवर वरच्या कड्याचा भाग कोसळला आणि तिथल्या दोनशेहून अधिक निवासांची जागा कायमची सोडावी लागली. त्यांच्या बदल्यात २००९ मध्ये ९१ नवे तंबू-निवास उभारले. बाहेरून कॅनव्हास, आतून पक्क्या पाट्यांची भिंत आणि मधल्या पोकळीत ऊब धरून ठेवणारा फोम. पाहुण्यांना थंडी वाजू नये हा हेतू. डिअर माऊसलाही थंडी वाजतच होती. पेन्सिल आत जाईल एवढ्या फटीतून तो शिरला, फोम कुरतडून त्याने बोगदे केले, घरटी बांधली. पाहुणे झोपत त्यांच्या उशापासून वीतभर अंतरावर ही वसाहत नांदत होती आणि बाहेरून काही दिसत नव्हतं.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये राज्याच्या आरोग्य विभागाकडे दोन रुग्णांची माहिती आली. दोघं वेगवेगळ्या ठिकाणी राहणारे. प्रवासाचा हिशोब घेतला तेव्हा दोघांनीही योसेमिटीत मुक्काम केलेला. रोग कळवणं सक्तीचं नसतं तर हे दोन धागे एकत्र आले नसते, कारण पर्यटक सुट्टीनंतर आपापल्या राज्यात, आपापल्या देशात पांगतात. त्या उन्हाळ्यातले एकूण १० रुग्ण सापडले, त्यांतल्या ३ जणांचा मृत्यू झाला. ९ जण याच दुहेरी भिंतीच्या निवासांत राहिलेले होते. २८ ऑगस्टला ते सगळे निवास बंद केले आणि पुढे पाडून टाकले. उद्यानाने त्या हंगामात रात्रीचा मुक्काम केलेल्या दोन लाखांहून अधिक लोकांना पत्रं आणि ईमेल पाठवले. मजकूर साधा होता: ताप, अंगदुखी, थकवा आला तर दवाखान्यात जा आणि ‘मी योसेमिटीत राहिलो होतो’ हे डॉक्टरांना सांगा.

माझ्या मते त्या पत्रातलं हे शेवटचं वाक्यच खऱ्या अर्थाने उपचार होतं. या रोगाची सुरुवात कुठल्याही तापासारखी असते. मांड्या, पाठ, खांदे दुखतात, मळमळतं. चार-पाच दिवस असे जातात आणि मग काही तासांत फुप्फुसांत पाणी भरू लागतं. या टप्प्यावर रुग्ण मोठ्या अतिदक्षता विभागात असला, शरीराबाहेर रक्ताला प्राणवायू देणारं यंत्र हाताशी असलं, तर तो वाचण्याची शक्यता वाढते. पोचायला सहा तास उशीर झाला तर कधी कधी फार उशीर झालेला असतो. दूरच्या गावातला डॉक्टर आयुष्यात एकदाही हा रोग पाहत नाही. त्याच्या मनात शंका आणून देण्याचं काम रुग्णालाच करावं लागतं.

बाकी उपाय सांगायला सोपे, पाळायला कंटाळवाणे. बरेच दिवस बंद असलेली खोली उघडली की आधी दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबायचं. लेंड्या दिसल्या तर कोरडा झाडू किंवा व्हॅक्यूम अजिबात चालवायचा नाही. ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग असं मिश्रण शिंपडून पाच मिनिटं भिजू द्यायचं, मग हातमोजे घालून कागदाने पुसून घ्यायचं. भिंतीच्या फटी तारेच्या गुंडाळ्याने बुजवायच्या. मेहनतीचा भाग म्हणजे दर वर्षी हे करत राहणं.

सिन नोम्ब्रे माणसातून माणसात जात नाही, हे वर म्हटलं. त्याच घराण्यातला दक्षिण अमेरिकेतला अँडीज विषाणू मात्र जातो, आणि तिथे पाळतीचं स्वरूपच पालटतं. अर्जेंटिनाच्या चुबुत प्रांतातल्या एपुयेन या लहानशा गावात नोव्हेंबर २०१८ मध्ये एक माणूस अंगात ताप असताना वाढदिवसाच्या समारंभाला गेला. रानात लांब शेपटीच्या उंदराकडून एकाला झालेली लागण तिथून पुढे माणसांतच फिरत राहिली. फेब्रुवारीपर्यंत ३४ जणांना लागण झाली, ११ दगावले. काही लक्षणं असलेले पण समारंभांत वावरणारे मोजके लोक बहुतेक संसर्गाला कारण ठरले. सुरुवातीला एक रुग्ण सरासरी दोनांहून अधिक लोकांना लागण देत होता. रुग्णांना वेगळं ठेवणं आणि संपर्कातल्यांना ४५ दिवस घरातच थांबवणं सुरू झाल्यावर हा आकडा एकाच्या खाली आला. ४५ दिवस म्हणजे शेतकऱ्याचा हंगाम, मजुराची दीड महिन्याची कमाई, मुलांची सुट्टी. तो आदेश न्यायालयामार्फत बजवावा लागला. एपुयेनच्या लोकांनी तो सोसला म्हणून साथ थांबली, हे आवर्जून लिहायला हवं.

आपल्याकडे यातलं काय लागू होतं? डिअर माऊस भारतात नाही, सिन नोम्ब्रेही नाही. मात्र हंताविषाणूंच्या एका शाखेचा वाहक, बंदरांतून बोटींवर बसून जगभर पसरलेला तपकिरी उंदीर, आपल्या शहरांतही आहे. सोल विषाणू नावाची ही शाखा २०१७ मध्ये अमेरिकेत पाळीव उंदरांच्या व्यापारातून ११ राज्यांत पसरली होती. आपल्याकडे उंदरांशी निगडित रोग म्हटलं की लेप्टो आठवतो, आणि ते योग्यच आहे. २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईने त्याचा तडाखा भोगला, सिंधुदुर्गात भातलावणीच्या दिवसांत तो अजूनही डोकं वर काढतो. लेप्टो जिवाणूमुळे होतो, लवकर ओळखला तर प्रतिजैविकांनी बरा होतो. पण तापाचा रुग्ण लेप्टो, डेंगी, मलेरिया या तिन्हीत बसला नाही तर पुढे काय तपासायचं, ही साखळी आपल्या दवाखान्यांत तुटलेलीच राहते.

मुंबई महापालिका रात्री काठी आणि बॅटरी घेऊन उंदीर मारणारी माणसं नेमते. रोज ठराविक संख्येने मेलेले उंदीर दाखवल्यावर त्यांचा मोबदला मिळतो. काम जिवावरचं आणि घाणीतलं आहे, त्याबद्दल आदरच वाटतो. पण मारलेल्यांची संख्या उरलेल्यांबद्दल काही सांगत नाही, आणि त्यांच्या अंगात काय आहे याबद्दल तर काहीच नाही. तीच माणसं, तेच गल्लीबोळ, त्याच रात्री, आणि त्यांच्या हातात दर महिन्याला काही जिवंत पकडायचे सापळे, एक रक्ताचा नमुना, वॉर्डाचा आणि तारखेचा शिक्का, आणि तो नमुना जपून ठेवणारं एक शीतकपाट. एवढी भर पडली तर मुंबईच्या उंदरांची अशी वही तयार होईल, जी आज नाही.

नमुना जपून ठेवण्याचं महत्त्व आपल्याच देशाने एकदा दाखवलं आहे. १९६४ मध्ये तमिळनाडूत वेल्लोरजवळ एका चिचुंद्रीतून एक अनोळखी विषाणू वेगळा काढला गेला. तो कीटकांमार्फत पसरणारा असावा असं समजून त्याला तोट्टपालयम हे नाव दिलं आणि ठेवून दिला. कोरियातला पहिला हंताविषाणू ओळखला गेला तो त्यानंतर जवळपास बारा वर्षांनी. पुढे कित्येक वर्षांनी वेल्लोरचा जपलेला विषाणू पुन्हा तपासला, तेव्हा तोही हंताविषाणूच निघाला, आणि वेगळ्या काढलेल्या साऱ्या हंताविषाणूंत वयाने सर्वांत जुना.